आरसी संपायच्या आत बाबांचा पीसी फायनल विंडोज ७ वर आणला

ही नोंद फेब्रुवारी २०१० ची आहे. यंदा धुळवड १ मार्चला आहे, सोमवारी, आणि नेमकं त्याच दिवसापासून ज्यांच्या मशीनवर अजून विंडोज ७ ची आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलच्या आधी फुकट दिलेली, मुदतीची चाचणी आवृत्ती) आहे त्यांचं मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद व्हायला लागणार आहे. आमच्या घरच्या पीसीवर गेल्या शनिवारपर्यंत आरसीच होती, आता नाहीये. काय केलं, कुठे अडकलं, आधी काय काय कॉपी केलं ते सगळं लिहून ठेवतेय कारण ऑफिसातल्या दोघातिघांनी आणि बिल्डिंगमधल्या एका काकांनी मला हेच विचारलंय आणि फोनवर तेच तेच सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं.

आमचा पीसी म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर असेंबल करणाऱ्याने जे एक्सपी टाकून दिलं होतं ते कुठलं होतं हे आपल्या सगळ्यांनाच माहितीये, बहुतेक घरांत तसंच असतं, मीही तेव्हा काही विचारलं नव्हतं. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात विंडोज ७ चा बीटा, म्हणजे आरसीच्याही आधीची चाचणी आवृत्ती, सगळ्यांसाठी खुला करतोय म्हणून जाहीर केलं, आधी २५ लाख डाउनलोडची मर्यादा होती पण पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की सर्व्हर पुरेनात, मग ती मर्यादाच काढून टाकली. आमचं बीएसएनएलचं पाचशेचं प्लॅन, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असायचं, त्यामुळे मी दोन वाजता अलार्म लावून उठायचे, डाउनलोड मॅनेजर चालू करायचे आणि परत झोपायचे. दोन रात्रींत फाइल उतरली. बिल्ड (आवृत्तीचा क्रमांक) ७०००, डेस्कटॉपवर निळ्या पाण्यात एक मासा. तो बेटा जातीचा मासा, म्हणून बीटाला बेटा, हे मला नंतर कळलं. बीटा पाच भाषांत आला होता आणि त्यात जर्मन, जपानीच्या बरोबरीने हिंदी होती, मराठी नव्हती. मी इंग्रजीच घेतला.

घरात आलेलं ते पहिलं कायदेशीर विंडोज. मला त्याचं खरंच अप्रूप होतं. कुणाचं तरी क्रॅक नाही, मायक्रोसॉफ्टनेच दिलेली प्रॉडक्ट की, आणि सोबत अट एकच की ठरल्या तारखेला हे संपणार. बीटा १ ऑगस्ट २००९ ला संपणार आणि १ जुलैपासून दर दोन तासांनी बंद पडणार, हे त्यांनी लपवलं नव्हतं. मला हा व्यवहार चोख वाटला आणि अजूनही वाटतो. लोक म्हणतात फुकट दिलं आणि मग चटका देऊन काढून घेतलं, पण तसं नाहीये, वापरून बघायला दिलं होतं आणि तारीख पहिल्या दिवशीच सांगितली होती.

बीटामध्ये एक मोठा बग होता तो सांगायलाच हवा. एमपी३ फाइलची माहिती, म्हणजे गायकाचं नाव वगैरे बदललं, तर गाण्याच्या सुरुवातीचे काही सेकंद कापले जायचे, कायमचे. आईची भावगीतं आणि नाट्यगीतं मी कॅसेटवरून एकेक करून एमपी३ केली होती, दोन मे महिने घालवले होते त्यात, त्यामुळे हे वाचल्यावर आधी ते फोल्डर रीड-ओन्ली केलं, मग त्याचं अपडेट टाकलं आणि मगच मीडिया प्लेअर उघडला. एकही गाणं गेलं नाही. बीटा वापरायचा म्हणजे हे वाचत राहावंच लागतं.

मेमध्ये आरसी आली, ५ तारखेला सगळ्यांसाठी, बिल्ड ७१००. आणि तेव्हा माझ्याकडून चूक झाली, जिच्यामुळे मी हे इतकं तपशिलात लिहितेय.

बाबा रिटायर झाल्यापासून आमच्या सोसायटीचे सचिव आहेत. ४८ फ्लॅट, मेंटेनन्सच्या पावत्या, पार्किंगचं रजिस्टर, पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या नोटिसा, मासिक सभांचे इतिवृत्त, सगळं त्यांच्याकडे. आयुष्यभर सरकारी ऑफिसात मराठी टाइपरायटर चालवला, बोटं बसलेली, पण कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डची मांडणी वेगळी, सगळी अक्षरं हललेली. तरी त्यांनी ते शिकून घेतलं, ६३ व्या वर्षी, कीबोर्डवर स्टिकर लावून. पाय मोडायचा तर डी, क तर के, र तर जे, असं पुटपुटत. एक्सपीवर मराठी चालू करायला ती सीडी घाला, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली टाका असं करावं लागायचं, ७ वर ते आधीपासूनच आत असतं, म्हणून बीटा आल्यावरच त्यांचं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

मी धरून चालले होते की बाबांच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये आहेत. मीच तिथे 'सोसायटी' नावाचं फोल्डर करून दिलं होतं ना. मेमधल्या एका रविवारी मी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, म्हणजे पुसून कोरा केला, आणि आरसी टाकली, संध्याकाळी बाबा बसले आणि म्हणाले, "अगं, माझे कागद कुठायत?" ते सगळं डेस्कटॉपवर ठेवायचे. समोर दिसतं म्हणून. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधलंच एक फोल्डर आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. जानेवारी ते एप्रिलचं पार्किंग रजिस्टर आणि नोटिसा गेल्या. ते काही बोलले नाहीत, ओरडलेही नाहीत, फाइलमधून छापील कागद काढले आणि पुढचे आठ दिवस रोज दुपारी बसून परत टाइप केले. मी ऑफिसातून यायचे तेव्हा ते चष्मा कपाळावर ढकलून एकेक ओळ पट्टीने धरून टाइप करत असायचे. ती पट्टी मला अजून दिसते.

त्यामुळे या वेळी काही झालं तरी घाई करायची नाही हे ठरलेलं होतं.

पण उशीर झालाच, आणि तो का झाला हेही सांगते कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तेच झालं असणार. आरसी १ जून २०१० ला संपते ही तारीख सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलीये. फायनल २२ ऑक्टोबरला, दिवाळी संपल्या संपल्या दुकानात आली, तेव्हा वाटलं अजून सात महिने आहेत, चांगलं चाललंय तर कशाला हात लावा. पण जूनची तारीख शेवटची आहे, त्रास मार्चपासूनच सुरू होतो. १५ फेब्रुवारीपासून मशीन मुदत संपत आल्याची सूचना दाखवतं, १ मार्चपासून दर दोन तासांनी बंद, आणि १ जूननंतर डेस्कटॉप काळा होऊन ही कॉपी जेन्युइन नाही असं येत राहतं. दोन तासांनी बंद होतं तेव्हा तुमचं काम सेव्ह करून वगैरे देत नाही. जे उघडं होतं ते गेलं.

१५ तारखेला संध्याकाळी मी घरी आले तर बाबांनी ती सूचना जशीच्या तशी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवली होती, इंग्रजीतच, तारखेसह. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे भारनियमनच की." मी म्हटलं हो, तसंच, फक्त वेळापत्रक आपल्या हातात नाही. मग ते कॅलेंडरकडे बघत राहिले, कारण मार्च म्हणजे सोसायटीचं वर्ष संपायचा महिना, ३१ तारखेला हिशोब बंद, थकबाकीच्या नोटिसा ४८ घरांना, ऑडिटरला कागद. ऐन मार्च एंडला दर दोन तासांनी मशीन बंद पडलं तर काय होईल ते मला सांगावं लागलं नाही.

आता विकत घेण्याबद्दल. आरसी ही अल्टिमेट होती, म्हणजे सगळ्यात वरची, आणि लोक धरून बसलेत की आता अल्टिमेटच घ्यायला हवी. नको. आम्ही वर्षभरात अल्टिमेटमधलं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची सोय, एकदाही उघडलं नाही. होम बेसिक भारतासारख्याच देशांत विकतात, ती स्वस्त आहे पण तिच्यात एरोची पारदर्शक खिडकी पूर्ण नाही आणि मीडिया सेंटर नाही, आईला डीव्हीडी बघायला मीडिया सेंटर लागतं, म्हणून होम प्रीमियम घेतली. दुकानदार ओईएम (नव्या मशीनसोबत विकतात ती) घ्या म्हणत होता, बरीच स्वस्त पडते हे खरंय, पण ती ज्या मशीनवर पहिल्यांदा टाकाल त्याच मशीनची होऊन बसते आणि आमचा मदरबोर्ड आता जुना होत चाललाय, उद्या मशीन बदललं तर परत पैसे भरा, म्हणून मी रिटेल पॅक घेतला. त्यात ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही डीव्हीडी येतात. डीव्हीडीवरच होलोग्राम आहे, उजेडात तिरकी धरली की चमकतो, बाबांनी खिडकीत नेऊन बराच वेळ बघितला आणि मग खोक्यावर खरेदीची तारीख लिहून बिल आत ठेवलं, मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळ्या खोक्यांवर लिहितात तशी.

मी ३२ बिटच टाकलं. २ जीबी रॅमला ६४ चा काही उपयोग नाही आणि आमच्या जुन्या प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हरच मिळत नाही.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, आरसीवरून थेट अपग्रेड होतं का, सगळे प्रोग्रॅम आहेत तसे ठेवून. सरळ सरळ होत नाही, सेटअप नाही म्हणतं. एक युक्ती आहे, डीव्हीडीतलं सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं, सोर्सेस फोल्डरमध्ये सीव्हर्जन नावाची एक छोटी आयएनआय फाइल असते, त्यात मिनक्लायंटच्या पुढे ७२३३ असं लिहिलेलं असतं ते बदलून ७१०० करायचं, मग सेटअप तुम्हाला आत घेतं. बीटावरून आरसीवर येताना असाच मार्ग मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअर लोकांनी स्वतः लिहिला होता, पण 'आम्ही याची शिफारस करत नाही, कोरं इन्स्टॉल करा' असंही तिथेच लिहिलं होतं, आणि लोक नेमकं ते वाक्य सोडून देतात. शिवाय अल्टिमेटच्या आरसीवरून होम प्रीमियमवर ही युक्ती चालत नाही, वरच्या आवृत्तीवरून खालच्या आवृत्तीवर अपग्रेड होतच नाही. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे अल्टिमेट आहे त्यांनीही हे करू नये. वर्षभराच्या चाचणीच्या विंडोजचा गाळ खाली ठेवून वर नवीन घर बांधायचं, मग सहा महिन्यांनी काही बिघडलं की कळणारच नाही ते नव्यातलं आहे की जुन्यातलं.

तर शनिवारी, २० तारखेला, सकाळी चहा झाल्यावर बसलो. बाबा शेजारी वही घेऊन. या वेळी पहिला प्रश्न मी त्यांना विचारला, "बाबा, तुम्ही काय काय कुठे ठेवता ते तुम्हीच मला दाखवा." मी काहीच धरून चालले नाही. त्यांनी एकेक उघडून दाखवलं आणि मी वहीत लिहीत गेले. डेस्कटॉपवर 'नोटीस नवीन', 'नोटीस नवीन २', 'नोटीस शेवटची', 'थकबाकी मार्च', 'वाघमारे पार्किंग अर्ज', अशा ६१ फाइली. ओपनऑफिसमध्ये त्यांनी केलेला पत्राचा नमुना, ज्यात वर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधीच असतो, तो भलत्याच ठिकाणी सेव्ह होतो, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, तो मी विसरलेच असते. फायरफॉक्सचे बुकमार्क. आईच्या गाण्यांची प्लेलिस्ट. आणि तो मासा, जो मी बीटातून काढून डी मध्ये ठेवला होता.

इथे एक अडचण आली ती मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला येणार. सगळं एकत्र बांधून पेन ड्राइव्हवर टाकावं म्हणून मी राइट क्लिक करून विंडोजचं साधं झिप करायला गेले तर ते म्हणालं की फाइलच्या नावात चालत नाहीत अशी अक्षरं आहेत. फाइलीच्या आत काहीही असो, नाव देवनागरीत असेल तर ते झिप घेत नाही. घाबरून सगळ्यांची नावं इंग्रजीत बदलत बसू नका, त्याची गरज नाही. सेव्हन-झिप फुकट आहे, त्याच्या स्वतःच्या सेव्हन-झेड प्रकारात बांधलं की मराठी नावं व्यवस्थित राहतात, मी उघडून तपासलं. किंवा नुसतं फोल्डर कॉपी केलं तरी चालतं. झिप केलं असं समजून फॉरमॅटकडे वळणं तेवढं धोक्याचं.

मग विंडोजमधलंच ईझी ट्रान्सफर चालवलं, ते फाइली आणि सेटिंग उचलून एका मोठ्या फाइलीत ठेवतं, ऑफिसातल्या मैत्रिणीची बाहेरची हार्ड डिस्क आणली होती तिच्यावर ती ठेवली. प्रोग्रॅम त्यात येत नाहीत, ते परत टाकावेच लागतात. एवढ्यावर न थांबता बाबांचं सगळं परत एकदा हाताने पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तो पेन ड्राइव्ह माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावून त्यांच्याकडून पाच फाइली उघडून घेतल्या, त्यांना हव्या त्या. उघडल्या. मग ते म्हणाले, "कर आता."

इन्स्टॉलमध्ये कस्टम निवडलं आणि या वेळी सी फॉरमॅट केला नाही. फॉरमॅट न करता त्याच ड्राइव्हवर टाकलं की जुनं सगळं, डेस्कटॉपसकट, विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. जागा खातं, पण दोन ठिकाणी कॉपी असूनही हे तिसरं ठिकाण राहिलं याचा मला मनापासून आधार वाटला. मेमध्ये हे माहीत असतं तर. चाळीस मिनिटांत झालं, मधे दोनतीन वेळा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, होऊ द्यायचं. पंचवीस अक्षरांची की बाबांनी वाचली आणि मी टाइप केली, पाच पाचच्या गटात, पूर्वी टपालखात्यात तार वाचायचे तशी. इंटरनेट जोडल्यावर एका मिनिटात अ‍ॅक्टिव्हेट झालं. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ महिने जे 'इव्हॅल्युएशन कॉपी, बिल्ड ७१००' लिहिलेलं असायचं ते नव्हतं. तिथे नुसतं पाण्याच्या रंगाचं चित्र. विनव्हर टाइप करून बघितलं, बिल्ड ७६००.

नेटवर्क, आवाज, ग्राफिक्स सगळं आपोआप लागलं. प्रिंटर नाही लागला, त्याच्या कंपनीने ७ साठी ड्रायव्हर काढलेलाच नाही, ७ च्या आधीच्या विंडोजचा, म्हणजे व्हिस्टाचा, ड्रायव्हर कंपॅटिबिलिटी मोडमध्ये चालवला तेव्हा लागला. त्याची सीडी जपून ठेवली होती म्हणून निभावलं, तुम्हीही आधी ती शोधून ठेवा.

रविवारी संध्याकाळी बाबा पहिल्यांदा बसले. नोटिशीचा कागद उघडला, 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' हे नमुन्यातून आलं, मग त्यांनी खाली सहीच्या जागी 'सचिव' टाइप केलं. आता ते स्टिकरकडे बघत नाहीत, बोटं आपोआप जातात. स्क्रीनवर आलं इंग्रजी एम, मग सेमीकोलन, मग एफ, मग बी. ते थांबले. हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मे महिना होता हे मला लगेच कळलं. मी म्हटलं, "बाबा, काही गेलं नाहीये, फक्त मराठी कीबोर्ड चालू करायचा राहिलाय." कारण इनस्क्रिप्टमध्ये स एमवर असतो, च सेमीकोलनवर, पहिली वेलांटी एफवर आणि व बीवर, त्यांची बोटं बरोबरच गेली होती, मशीन इंग्रजीत होतं एवढंच. कंट्रोल पॅनेल, रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस, चेंज कीबोर्ड्स, अ‍ॅड, मराठी. मग डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकदम. त्यांनी ती चार अक्षरं खोडली आणि परत टाइप केलं. सचिव.

हे तुम्ही घरातल्या मोठ्यांना मशीन देण्याआधी स्वतः करून द्या, नंतर नाही. दोन मिनिटांचं काम आहे पण ती दोन मिनिटं माझ्या बाबांना फार लांब गेली.

फॉन्टमध्ये मंगलच्या जोडीला ७ बरोबर कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे आलेत. बाबांना कोकिला आवडला, छापल्यावर पुस्तकासारखा दिसतो म्हणाले, पण अक्षर बारीक येतं, नोटीस बोर्डावरच्या कागदाला आकार बराच वाढवावा लागतो. थकबाकीच्या नोटिसा त्यांनी तरी मंगलमध्येच ठेवल्या, त्यात अक्षर खणखणीत दिसतं.

स्कॅनर अजून लागलेला नाही, त्याचं बघतेय. मासा परत डेस्कटॉपवर लावलाय, आईने सांगितलं म्हणून. आणि विंडोज डॉट ओल्ड ११ जीबी घेऊन बसलंय, ते डिस्क क्लीनअपमधून प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन असं निवडून काढता येतं, पण ३१ मार्चला हिशोब बंद होऊन ऑडिटरकडे कागद जाईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. बाबांनी कॅलेंडरवर १ एप्रिलच्या चौकोनात पेन्सिलने 'जुने काढणे' असं लिहून ठेवलंय.